मेंदीची मशीन आणि लाल चिंधी

मशीन मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातली तेवढी एकच गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

परभणीत आमच्या घराला तीन बाजूंनी मेंदीचं कुंपण आहे. कॉलनीत बाकीच्यांनी विटांची कंपाउंड बांधून वर काचा रोवल्या, आम्ही मेंदी ठेवली. आम्ही म्हणजे मी. नवऱ्याला भिंतच हवी होती, कारण मेंदी कापायचं काम त्याच्याकडं होतं. दर दुसऱ्या रविवारी तो लांब दांड्याची कैची घेऊन उभा राहायचा आणि मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. "डावीकडं जरा उंच राहिली," हे माझं ठरलेलं वाक्य. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं, मग ती फळ्यावर असो की मेंदीवर.

परवाच्या साली नवऱ्याचा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरनं कैची बंद करायला सांगितली. त्यात पाऊस चांगला झालेला, मेंदी आठवड्याला वीतभर वाढायची. कुणाला तरी बोलवून कापून घ्यावी तर तो कापतो कमी आणि ओरबाडतो जास्त. म्हणून मी जाहीर केलं, आपण मशीन घेऊ. चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले, वहीत दोन रकाने पाडून फायदे-तोटे लिहिले आणि नवऱ्याला घेऊन मोंढ्यातल्या औजारांच्या दुकानात गेले.

फवारणीचे पंप, कडबाकुट्ट्या, पाण्याच्या मोटारी यांच्या गर्दीत एका कोपऱ्यात मेंदी कापायच्या तीन मशिनी टांगलेल्या होत्या. एक वायरची, एक बॅटरीची आणि एक पेट्रोलची. दुकानदार मला खुर्ची देऊन नवऱ्याशी बोलायला लागला.

"साहेब, तुमी ही वायरची घ्या. हलकी हाय, आवाज न्हाई. बटण दाबलं की झालं. मॅडमनं हातात घेतली तरी चालतंय."

"आणि ती पेट्रोलची?" मी विचारलं.

"ती दमदार हाय, साहेब," त्यानं उत्तर नवऱ्याला दिलं. "पण दोरी ओढावी लागती. वजन हाय. ऑईलचं माप सांभाळावं लागतंय. मॅडमला न्हाई झेपायचं."

नवऱ्याला वायरचीच आवडली होती. त्यानं ती हातात घेतली, खांद्याला त्रास नाही म्हणाला. माझ्या वहीतसुद्धा वायरच्या मशीनचे फायदे दोनानं जास्त होते. पण त्या माणसाचं "न्हाई झेपायचं" माझ्या डोक्यात गेलं. मी उठले. पेट्रोलची मशीन खाली काढायला लावली. दोन्ही हात लांब करून ती आडवी धरली आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मनगटं दुखली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग धडाधड कारणं सांगितली. लाईट गेली की वायरची मशीन बसते. मेंदी तीन बाजूंना, बोर्ड एका खोलीत, मग साठ फूट वायर ओढत फिरायचं आणि एक दिवस मेंदीबरोबर तीच कापायची. बॅटरीची एक बाजू होईपर्यंत दमणार. पेट्रोलच्या हिला पातं दोन्हीकडून धारेचं आहे, मागची मूठ फिरते, म्हणजे उभी बाजू कापताना हात पिळवटत नाहीत. सगळी कारणं खरी होती. मी निवडली ती मात्र रागात.

"हिच्यात साधं पेट्रोल चुकूनबी घालू नका," दुकानदार आता नाइलाजानं माझ्याकडं बघून म्हणाला. "टू-स्ट्रोक हाय. एका लिटरला..."

"चाळीस मिली ऑईल," मी म्हणाले. "पंचवीसास एक. गणित शिकवते मी."

"अन् मिसळलेलं लय दिवस ठिवू नका. लागंल तसं मिसळा."

"कळलं हो."

नवऱ्यानं पैसे दिले. घरी येताना म्हणाला, "तूच सांभाळ मग." मी म्हणाले, "सांभाळीन की." आणि मी सांभाळलंही, दीड-दोन महिने. जिन्याखाली फळीवर कोल्ड्रिंकच्या दोन हिरव्या बाटल्या ठेवल्या. एकीत साधं पेट्रोल, ते माझ्या स्कूटीला अडीनडीला लागायचं आणि मिसळायलाही व्हायचं. दुसरीत ऑईल मिसळलेलं. बाटल्या हिरव्या असल्यामुळं आतला रंग कळत नव्हता. म्हणून मिसळलेल्या बाटलीच्या गळ्याला मी जुन्या साडीच्या काठाची लाल चिंधी बांधली. चिंधीवाली मशीनची, बिनचिंधीची स्कूटीची. याच्याहून सोपं काही असू शकत नाही असं मी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

आता माझ्या धाकट्या दिरांविषयी सांगायला हवं. मी त्यांना भाऊजी म्हणते. राणीसावरगावच्या शिवारात दोघा भावांची जमीन आहे, ती तेच कसतात. नवरा तहसीलमध्ये कारकुनी करून निवृत्त झाला, त्यानं कोळप्याला कधी हात लावला नाही, पण जमिनीविषयी शेवटचा शब्द त्याचाच. थोरला आहे ना. भाऊजींनी लहानपणी घरातला रेडिओ आतून कसा दिसतो हे बघायला खोलला होता आणि तो पुन्हा बोलला नाही. पुढं सायकलचा पंप, मग भिंतीवरचं घड्याळ. नवरा त्यांना तोडफोड्या म्हणायचा. लग्न होऊन आल्यावर या थट्टेला धार लावली ती मी. "भाऊजींनी हात लावला की वस्तू देवाघरी," हे वाक्य माझं. इतकं चाललं की सगळा गोतावळा ते वापरतो आणि भाऊजी स्वतः सगळ्यांच्या आधी हसतात. खरं तर मी सून होऊन आल्यापासून त्यांच्या हातून काही मोडल्याचं मला आठवत नाही. विहिरीवरची मोटार तर तेच खोलून बसवायचे. पण त्याची नोंद कुणी घेत नव्हतं, मीही नाही.

महालक्ष्म्या आमच्याकडं असतात. थोरल्याकडं बसवायच्या, धाकट्यानं सहकुटुंब यायचं, असं सासूबाईंनी लावून दिलंय. त्या वर्षी भाऊजी आणि जाऊ जेवणाच्या एक दिवस आधीच आले. केळीचे खुंट, सोळा भाज्या, फुलं असं सगळं पोत्यात भरून आणलं होतं. चहा घेताना भाऊजींची नजर जिन्याखालच्या मशीनवर गेली. त्यांनी ती बाहेर आणली, उलटीसुलटी करून बघितली, पात्यावरून जपून बोट फिरवलं.

"वहिनी, लय भारी घेतलीत. मेंदी मीच कापतो आज."

मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, "दादा बघंल ना मला चालवताना. म्हंजे उद्या जेवताना वीडरचं काढता येईल."

वीडर म्हणजे कोळपणीची मशीन. एक बैल गेला, दुसरा एकटा काय करणार म्हणून विकला, आणि तेव्हापासून भाऊजी आणि जाऊ सोयाबीन वाकून हातानं खुरपत होते. गंगाखेडला जाऊन भाऊजी दोनदा वीडर बघून आले होते. जमीन दोघांची, म्हणून घेणार दोघांत मिळून, म्हणजे दादानं हो म्हणायला हवं होतं. आणि दादाचं ठरलेलं उत्तर भाऊजींना ठाऊक होतं, की तुझ्या हातात इंजिन टिकायचं नाही. ते खोटं ठरवायला त्यांना साठ फूट मेंदी मिळाली होती.

"कापा की," मी म्हणाले. "एकदम सरळ कापा, म्हणजे मीच तुमची वकिली करते."

महालक्ष्म्यांच्या आधी मी घर किती धुते हे आमच्या गल्लीला माहीत आहे. पंख्यांची पाती, देव्हाऱ्याच्या मागची भिंत, गॅसच्या नळीवरची धूळ. त्याच सकाळी मी जिन्याखालची फळी पुसली होती. दोन्ही बाटल्या धुळीनं आणि तेलानं मळल्या होत्या, त्या निरम्याच्या पाण्यानं बाहेरून धुतल्या. आणि चिंधी. ती काळीकुट्ट झाली होती. ती सोडली, साबण लावून धुतली, दोरीवर वाळत घातली, तासाभरानं परत बांधली. चिंधीसुद्धा धुवून वाळत घालणारी बाई मी. कोणत्या बाटलीला बांधली ते बघितलं नाही, कारण बघायची गरज वाटली नाही. हातांना सवय होती, हातांनी बांधली.

अकराच्या सुमारास भाऊजींनी ओट्यावरून हाक मारली. "वहिनी, बाटली कंची?"

माझे हात पुरणाच्या डाळीत होते. "चिंधी बांधलेली," मी आतूनच सांगितलं.

मशीन चालू झाली. नवरा खुर्ची टाकून बसला होता, बरोबर माझ्या जागेवर. मी मधूनमधून खिडकीतून बघत होते. भाऊजींनी आधी दोन टोकांना काठ्या रोवून सुतळी ताणली होती. हे मला कधी सुचलं नव्हतं. त्या सुतळीवरून ते असे सरकत होते की मेंदीची वरची बाजू पाटीसारखी होत चालली होती. रस्त्याकडची बाजू पूर्ण झाली, घराकडची अर्धी झाली आणि इंजिनानं एकदम कण्हल्यासारखा आवाज काढला. मग बंद. भाऊजींनी दोरी ओढली. दोरी जागची हलेना.

नवरा उठला. हसून मान हलवली. "देवाघरी," तो म्हणाला. माझंच वाक्य.

दोघं भाऊ मशीन घेऊन स्कूटीवर मेकॅनिककडं गेले. अर्ध्या तासात नवऱ्याचा फोन आला. "अगं, हा म्हणतोय यात ऑईलच नव्हतं. साधं पेट्रोल घातलंय. पिस्टन घासून जाम झालं. आम्ही निघालोच."

फोन ठेवल्या ठेवल्या मला दोरीवर वाळणारी चिंधी आठवली. मी जिन्याखाली गेले. चिंधीवाल्या बाटलीतला थेंब बोटावर घेतला, चोळला. उडून गेला, बोट कोरडं. दुसऱ्या बाटलीतला घेतला. बोट तेलकट झालं, नखाला हिरवट कड आली.

चूक माझी होती. यात शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि मी घेतलीही नाही. मला दिसत होतं ते पुढचं. नवरा म्हणणार, वायरची घे म्हणत होतो. जाऊ ऐकणार, संध्याकाळी नणंद येणार ती ऐकणार, आणि वर्षानुवर्षं प्रत्येक महालक्ष्म्यांना गणिताच्या बाईंना दोन बाटल्यांतला फरक कळला नाही हे जेवताना वाढलं जाणार. लोकांची एवढीशी चूक मी कधी सोडली नव्हती. माझी कोण सोडणार होतं?

मी चिंधी सोडली आणि दुसऱ्या बाटलीला बांधली. तीच गाठ, तेवढीच घट्ट. जास्तीत जास्त दोन मिनिटं लागली असतील. मग हात साबणानं धुतले आणि पुरण वाटायला बसले.

स्कूटी आली. नवऱ्यानं दारातूनच विचारलं, "कोणती बाटली घेतलीस रे?"

"चिंधीवाली," भाऊजी म्हणाले. "वहिनीनं सांगितली तीच."

"मी त्यांना चिंधीवालीच सांगितली होती," मी म्हणाले. हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्या दिवशी मी बोललेलं दुसरं खरं वाक्य मला आठवत नाही.

आम्ही सगळे जिन्याखाली जमलो. नवऱ्यानं चिंधीवाल्या बाटलीतला थेंब चोळला, बोट तेलकट. बिनचिंधीच्या बाटलीतला चोळला, कोरडं. शिवाय कमी झालेली बाटलीही तीच होती. "हे बघ," तो म्हणाला. "चिंधी कुठं आहे, आणि तू घेतलीस कोणती?"

भाऊजी बाटल्यांकडं बघत राहिले. एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी कदाचित बोलले असते. कुणीतरी बदलली म्हणाले असते तर नक्कीच बोलले असते, निदान भांडले तरी असते. पण त्यांच्या मनात तसं काही आलंच नाही. त्यांनी हात पुढं करून चिंधीला बोट लावून बघितलं, ती खरंच तिथं आहे का म्हणून.

"मला चिंधी दिसली होती," ते म्हणाले. मग बोट मागं घेत, "न्हाई, मग माझंच चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांपुढं पानं मांडली. भाऊजींनी वीडरचा विषय काढलाच नाही. तो काढला नवऱ्यानं. वाटीतली आंबील संपवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वीडर वीडर करतोय हा. काल मेंदीच्या मशीनचं काय केलंस ते सांग की सगळ्यांना." आणि त्यानं ते स्वतःच रंगवून सांगितलं, चिंधीसकट. नणंद हसून हसून बेजार झाली. भाऊजीही हसले, पण या वेळी सगळ्यांच्या नंतर. जाऊ हसली नाही. ती पोळीचा तुकडा हातात धरून भाऊजींच्या पानाकडं बघत होती. मी तुपाची वाटी घेऊन उठले आणि भाऊजींच्या पोळीवर, नको नको म्हणत असताना, दोन चमचे तूप जास्त वाढलं. मला एवढंच सुचलं. त्या तुपाची मला आजही लाज वाटते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. महालक्ष्म्या उठल्यावर सांगू, दिवाळीला सांगू, मशीन दुरुस्त होऊन आली की सांगू, असं मी स्वतःला पुढची तारीख देत राहिले. वर्गात गृहपाठ न करणाऱ्या मुली देतात तशीच.

मशीन दुरुस्त होऊन आली. पुढच्या उन्हाळ्यात वीडरही घेतला गेला, पण तो भाऊजींच्या ताब्यात दिला नाही. शेजारच्या बांधाला नवऱ्याच्या चुलत भावाचं शेत आहे, त्याच्याकडं ठेवला. "लागंल तेव्हा त्याला बोलव, तो चालवून देईल," असं ठरलं. ठरवलं नवऱ्यानं. मी तिथंच बसून भाजी निवडत होते.

श्रावणात मी गावी गेले. शेतात गेले तर चुलतभाऊ वीडर चालवत होता आणि भाऊजी बांधावर उभे होते. स्वतःच्या रानात, स्वतःच्या बांधावर, हात मागं बांधून. चुलतभावाची ओळ वाकडी चालली होती, सोयाबीनची रोपं पात्याखाली येत होती. भाऊजींना ते दिसत असणार. त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

जाऊ माझ्याशेजारी झाडाखाली डबा सोडत होती. ती म्हणाली, "ताई, ह्यांना काय झालंय कळंना. फवारणीची बाटली घेतली की आधी मला विचारतेत, हीच का? मी हो म्हणलं तरी पुन्यांदा वाचायला लावतेत. मोटारीला हात लावत न्हाईत, गावातल्या वायरमनला बोलवतेत. म्हणतेत, मला दिसतंय एक अन् असतंय एक."

तिनं भाकरी माझ्या हातावर ठेवली. ती तशीच हातावर राहिली. मशीन बिघडली होती ती दुरुस्त झाली. वीडर आज इथं आहे, उद्या तिथं देता येईल. पण त्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी लाल चिंधी बघितली होती आणि मी त्याला पटवून दिलं होतं की ती बघितलीच नाही. तेही चारचौघांत, आणि स्वतः गप्प राहून. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की यंदा महालक्ष्म्यांपुढं, सगळ्यांच्या देखत सांगायचं. ज्यांच्यासमोर त्यांची शोभा झाली त्यांच्यासमोरच.

आणि सांगितलं. गेल्या भाद्रपदात. पानं वाढून झाली होती, नवरा पहिल्या पंगतीत, शेजारी भाऊजी, समोर नणंद, जाऊ वाढायला. मी पदर खोचून उभी राहिले आणि म्हणाले, "मला एक सांगायचंय. मागच्या वर्षी मेंदीची मशीन भाऊजींनी बिघडवली नाही. चिंधी मी चुकीच्या बाटलीला बांधली होती. हे दोघं मेकॅनिककडून यायच्या आत मी ती बदलून ठेवली. त्यांनी मी सांगितलेलीच बाटली घेतली होती."

खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. आता बोलणी खायची, एवढंच राहिलं होतं.

नवरा हसला. प्रेमानं हसला, तेच वाईट. "अगं, तू? तू दुधाच्या पिशव्या तारीख बघून फ्रीजमध्ये लावतेस. तू बाटली चुकशील?"

"चुकले. चिंधी मी धुतली होती..."

"धुतली असशील. ते तू करतेस. पण बांधताना तू चुकशील हे मी मरेपर्यंत मानायचा नाही."

"अहो, मी बदलली. तुम्ही यायच्या आत बदलली."

"राहू द्या वहिनी," नणंद म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मन लय मोठं हाय तुमचं. दिराला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घ्यायलात. सणाच्या दिवशी असं कोण करतंय?"

मी जितकं तपशिलात सांगत गेले, थेंब कसा चोळला, नखाला हिरवी कड कशी आली, गाठ कशी मारली, तितकं त्यांना वाटत गेलं की ही किती जुळवून आणतेय बिचाऱ्यासाठी. शेवटी माझा आवाज चढला. नवऱ्यानं मला हात धरून पाटावर बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की त्याला माझा अभिमान वाटतो. वीडर मात्र चुलतभावाकडंच राहील, ती गोष्ट वेगळी, असंही म्हणाला. तीस वर्षं माझं कधी चुकत नाही हे मी ज्या लोकांच्या डोक्यात बसवलं, त्यांच्यापुढं एकदा चुकले म्हणायला गेले तर ते मला पास करून बसले.

भाऊजी खाली मान घालून जेवत होते. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, यांना तरी कळलं. रागावले असतील. रागावोत. मला तेवढाच आधार वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, महालक्ष्म्या उठायच्या आधी, मी नव्यानं पेट्रोल मिसळलं. भाऊजींसमोर मिसळलं, माप त्यांना दाखवून. मशीन भरून त्यांच्यापुढं धरली. "भाऊजी, आज तुम्ही चालवा."

त्यांनी हात धोतराला पुसले, पण पुढं केले नाहीत. "नको, वहिनी. तुमी चालवा, मी फांद्या गोळा करतो."

"भाऊजी, काल मी बोलले ते खरं होतं. चिंधी मीच बदलली. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

ते हसले. मला समजावत असल्यासारखे हसले. "असू द्या. माझ्यापायी सगळ्यांसमोर खोटं बोललात. आईनंबी एवढं केलं नसतं." आणि मी मशीन खाली ठेवायच्या आत ते वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

मी मागं सरायला हवं होतं. पण तेवढ्या वर्षांची सवय, उजवा हात आपोआप त्यांच्या डोक्यावर गेला आणि तोंडातून "सुखी राहा" निघून गेलं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी दोरी ओढली. मशीन पहिल्या ओढीला चालू झाली. रस्त्याकडच्या बाजूनं मी कापत निघाले आणि भाऊजी मागून वाकून वाकून कापलेली मेंदी टोपल्यात भरत येत होते. निम्म्यावर गेल्यावर त्यांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं.

"वहिनी, डावीकडं जरा उंच राहिलंय," ते म्हणाले.

मी दोन पावलं मागं येऊन बघितलं. उंच राहिलं होतं, चांगलं दोन बोटं. मी तसं म्हणणार, तेवढ्यात त्यांनी पुन्हा एकदा मेंदीकडं बघितलं आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "का मलाच तसं दिसायलंय?"